ख्रिस्ती घर आणि प्रार्थनेची मायबोली

मूल अक्षरें शिकण्यापूर्वीं प्रार्थना शिकतें. दिवेलागणीला आईच्या शेजारीं बसून हात जोडावयाचे, ती म्हणेल तें तिच्यामागून म्हणावयाचें, अर्थ पुढें केव्हां तरी उमगेल, हा क्रम हिंदु घरांत जसा आहे तसाच ख्रिस्ती घरांतहि आहे. त्या वयांत जे शब्द जिभेवर बसतात ते जन्मभर उतरत नाहींत. म्हणूनच राज्यकर्ते आणि धर्मसंस्था ह्या शब्दांविषयीं कधीं उदासीन राहिल्या नाहींत. मुलाला देवाशीं बोलावयास कोणीं शिकवावें आणि कोणत्या भाषेंत शिकवावें, ह्या दोन प्रश्नांवरून गोमंतकांत व महाराष्ट्रांत गेल्या चारशें वर्षांत राजाज्ञा निघाल्या, संस्थांत फूट पडली, स्नेही दुरावले. आणि ह्याच प्रश्नांतून मराठी वाङ्मयांतले कांहीं मोलाचे ग्रंथहि जन्मास आले.

ख्रिस्ती धर्मानें हें काम मुळांतच घराकडे सोंपविलेलें आहे. यहुदी धर्मशास्त्रांतील 'अनुवाद' नांवाच्या ग्रंथांत आईबापांना असा आदेश आहे कीं, देवाच्या आज्ञा मुलांना घरांत आणि वाटेवर, दिवसाच्या आरंभीं आणि शेवटीं शिकवीत राहावें. ख्रिस्ताच्या शिष्यांनीं तो वारसा तसाच उचलला. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य ह्याची श्रद्धा त्याला आजी लोईस आणि आई युनीके ह्यांच्याकडून मिळाली, असा स्पष्ट उल्लेख नव्या करारांत आहे. पुढें सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथरनें सॅक्सनींतील गांवोगांवच्या मंडळ्यांची पाहणी केली, तेव्हां सामान्य माणसाला साधी प्रभूची प्रार्थनाहि नीट येत नाहीं हें पाहून तो खिन्न झाला. आणि १५२९ सालीं त्यानें एक लहानशी प्रश्नोत्तरावलि लिहिली. तिच्यांतील प्रकरणांच्या मथळ्यांतच त्यानें सांगून ठेविलें कीं, हें घरच्या कर्त्यानें आपल्या घरच्या माणसांस सोप्या रीतीनें शिकवावयाचें आहे. ल्यूथरनें शास्त्रहि जर्मन भाषेंत आणिलें होतें. त्यामुळें तेथें घराची भाषा आणि धर्मग्रंथाची भाषा एकमेकींच्या जवळ आल्या.

गोमंतकांतील ख्रिस्ती घरापुढें मात्र ही गोष्ट इतकी सोपी नव्हती.

पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें जिंकलें आणि १५४३ मध्यें साष्टी व बारदेश हे महाल त्यांच्या ताब्यांत आले. ही साष्टी गोमंतकांतील. मुंबईच्या शेजारची साष्टी ती वेगळी. पुढच्या कांहीं दशकांत तेथील देवळें पाडलीं गेलीं, जुन्या पोथ्या जप्त झाल्या, आणि १५६० सालीं धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, सुरू झालें. जीं कुटुंबें ख्रिस्ती झालीं, तीं कांहीं राजी, कांहीं नाराजी, कांहीं निरुपायानें झालीं. परंतु कारण कोणतेंहि असो, त्यांच्या घरांत एक पोकळी सारखीच निर्माण झाली. कालपर्यंत संध्याकाळीं ज्या घरांत पुराण वाचलें जाई, ज्या ओव्या जात्यावर म्हटल्या जात, त्या घरांत आतां प्रश्नोत्तरांचीं चार पानें तेवढीं उरलीं. मुलाला नियम सांगावयाला होते, पण गोष्ट सांगावयाला नव्हती.

ही पोकळी ज्यानें ओळखली तो एक इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत सुमारें १५४९ मध्यें जन्मला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला. जेझुइट पंथाचा हा धर्मोपदेशक उरलेलें बहुतेक आयुष्य साष्टींत राहिला व १६१९ सालीं गोमंतकांतच वारला. त्याला भाषांचा नाद होता. १५८३ सालीं भावाला लिहिलेल्या पत्रांत, येथील भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिन भाषांच्या ठेवणीशीं मिळती आहे, हें त्यानें नमूद केलें होतें. पाश्चात्त्य पंडितांना ह्या गोष्टीचा नीट उलगडा होण्यास आणखी दोनशें वर्षें जावयाचीं होतीं.

स्टीफन्सनें आपल्या 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभीं एक प्रसंग वर्णिला आहे. पाद्री देवळांत मुलांना धर्मशिक्षण देत आहे. तेथें एक ब्राह्मण गृहस्थ उभा राहतो आणि विचारतो, कीं पाठ शिकवितां हें चांगलें, पण पूर्वींचीं पुराणें तुम्हीं आम्हांला वर्ज्य केलींत. तर तीं गेल्यावर आम्हीं वेळ कसा घालवावा, मनाला विरंगुळा कशाचा? आमच्यासाठीं दुसरें पुराण कां रचीत नाहीं? हा प्रश्न विद्वानाच्या शंकेसारखा नाहीं. घरीं मुलेंमाणसें असलेल्या आणि संध्याकाळ रिकामी पडलेल्या गृहस्थाचा तो प्रश्न आहे. मुलांच्या वर्गांत तो विचारला जावा, हेंहि सूचक आहे.

ह्या प्रश्नाचें उत्तर १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सांगतो. त्याची भाषा मराठी. मराठीची थोरवी त्यानें ग्रंथांतच गाइली आहे. तथापि सामान्य जनांस कळावें म्हणून सोपे कोंकणी शब्दहि आपण मिसळले, असें तो प्रस्तावनेंत सांगतो. स्वर्गाला त्यानें वैकुंठ म्हटलें. ओवी निवडण्यांत तर त्याची खरी दूरदृष्टि दिसते. ओवीला वाचतां येण्याची अट नाहीं. एकानें म्हणावी, चौघांनीं ऐकावी, आणि दहादां ऐकल्यावर ती ऐकणाराची व्हावी. ज्या घरांत पुस्तक घेण्याची ऐपत नव्हती किंवा अक्षरओळख नव्हती, त्या घरांतहि ओवी शिरूं शकत होती.

एक गोष्ट मात्र स्टीफन्सच्या मनासारखी झाली नाहीं. हा ग्रंथ येथल्या लिपींत छापावा अशी त्याची फार इच्छा होती आणि १६०८ सालीं त्यानें रोमला वरिष्ठांकडे तशी परवानगीहि मागितली होती; परंतु तसे टाइप तयार झाले नाहींत आणि मराठी पुराण रोमन अक्षरांत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. आज ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि छापील प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हातानें उतरून घेतलेल्या प्रतींमुळें.

ह्या नंतरच्या काळांत राज्यकर्त्यांचें धोरण पालटलें. आरंभींचे पाद्री येथली भाषा शिकत होते. आतां येथल्या माणसांनीं पाद्र्यांची भाषा शिकावी असें ठरलें. २७ जून १६८४ रोजीं व्हाइसरॉय काउंट ऑफ अल्वोर ह्यानें एक फर्मान काढलें. संभाजी महाराजांच्या स्वारीची धास्ती त्या वेळीं गोव्यांत ताजी होती. त्या फर्मानान्वयें लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज भाषा व्यवहारांत आणावयाची होती. पुढें १७४५ मध्यें आर्चबिशपनें पोर्तुगीज भाषेचें ज्ञान ही लग्नासाठींच अट करून टाकिली. म्हणजे बाजार आणि कचेरी ह्यांपुरता असलेला हुकूम आतां उंबरठा ओलांडून आंत आला. ज्या दोघांचें घर मांडलें जावयाचें, त्यांनीं तें कोणत्या भाषेंत मांडावें ह्यावर सत्तेनें बोट ठेविलें.

तीन वर्षांत भाषा सोडा, असें सांगणाऱ्यानें आईचा विचार केलेला नसतो. कारकुनी करणारा बाप पोर्तुगीज शिकला, खानदानी घरांत ती भाषा प्रतिष्ठेची म्हणून रुळलीहि. पण शेतावर जाणाऱ्या आणि चुलीपाशीं बसणाऱ्या बाईनें तान्ह्या मुलाला कोणत्या भाषेंत जोजवावें, हें फर्मानानें ठरत नाहीं. परिणाम असा झाला कीं, गोमंतकांतील ख्रिस्ती माणूस तीन भाषांत वांटला गेला. देवळांत मिस्सा लॅटिन भाषेंत, सरकारदरबारीं पोर्तुगीज, आणि रात्रीं घरीं गुडघे टेकून म्हणावयाची प्रार्थना कोंकणींत. मिस्सा लोकभाषेंत म्हणण्यास रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें मोकळीक दिली ती १९६३ सालीं. तोंवर ज्या शब्दांत देवाशीं समजून उमजून बोलावयाचें, ते शब्द पुरविणारी जागा मुख्यतः घर हीच होती.

पण ह्या विजयांत हानीहि होती. कोंकणी बोलीची प्रार्थना घरांत टिकली. स्टीफन्सची ओवीबद्ध मराठी मात्र हळूहळू दूर गेली. राजसत्तेची अवकृपा, येथल्या लिपीशीं तुटलेला संबंध, आणि नव्या शिक्षणाचा ओढा ह्यांमुळें पुराण वाचून त्याचा अर्थ सांगणारीं माणसें विरळ होत गेलीं. जीं कुटुंबें गोव्याहून दक्षिणेस कानडा प्रांतांत जाऊन राहिलीं, त्यांनीं पोथ्या बरोबर नेल्या. टिपू सुलतानानें १७८४ मध्यें त्या ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास कैदेंत नेलें, तेव्हां त्या बंदिवासांत ह्याच ओव्यांनीं त्यांना धीर दिला, अशी परंपरा त्यांच्यांत सांगितली जाते. घरोघर जपलेल्या अशा हस्तलिखितांच्याच आधारें जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें 'क्रिस्तपुराणा'ची नवी आवृत्ति काढिली. अडीचशें वर्षें छापखान्यानें ज्याकडे पाठ फिरविली होती, तें कुटुंबांनीं पेटींत ठेवून सांभाळिलें होतें.

महाराष्ट्रांत हा प्रश्न एकोणिसाव्या शतकांत पुन्हां उभा राहिला, आणि तो निराळ्या रूपानें. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्यें मुंबईस आले; १८२६ सालीं त्यांनीं मराठी नवा करार पुरा छापला आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठींत झालें. येथें भाषेवर बंदी नव्हती. उलट मिशनरीच मराठी शिकत होते. परंतु पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती आईबापांची अडचण अशी कीं, त्यांचें स्वतःचें बालपण ख्रिस्ती नव्हतें. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी १८५४ मध्यें ख्रिस्ती झाले ते स्वतः वाचून, विचार करून, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. अशा माणसाला युक्तिवाद येत असे, पण अंगाईगीत येत नसे. आपल्या आईनें आपल्याला जें शिकविलें तें मुलाला शिकवावयाचें नाहीं, आणि जें शिकवावयाचें तें आपल्याला कोणीं शिकविलेलें नाहीं, अशा कोंडींत ती पिढी सांपडली होती. त्यांतच बायबलाच्या भाषांतराची मराठी परक्या माणसांच्या देखरेखीखालीं घडलेली. तिचे शब्द मराठी असले तरी वाक्यांची चाल पुष्कळदां परकी वाटे.

नगर जिल्ह्यांत आणखी एक विलक्षण प्रकार घडला. तेथें ख्रिस्ती झालेल्यांत महार व मांग समाजांतील कुटुंबें फार मोठ्या संख्येनें होतीं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर ही संख्या वाढली. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शाळेचा दरवाजा बंद होता, त्यांच्या मुलांना मिशनच्या शाळा उघड्या झाल्या. आईबाप निरक्षर आणि मूल साक्षर, असें होतांच शिकविण्याची दिशाच उलटी फिरली. पुस्तक वाचून दाखविण्याचें काम मुलाकडे आलें. अशा घरांत धर्म पोंचला तो छापील प्रश्नोत्तरांपेक्षां कीर्तन आणि भजन ह्यांच्या द्वारें. कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्या कीर्तनकारांनीं वीणा, टाळ आणि मृदंग ह्यांच्या साथीनें बायबलांतलीं आख्यानें लावलीं. ज्याचे कान वारकरी भजनानें घडले होते, त्या बापाला तें लागलीच आपलें वाटलें.

ह्या सर्व इतिहासांत आईच्या अधिकाराचा प्रश्न जितक्या तीव्रतेनें पंडिता रमाबाईंच्या आयुष्यांत आला तितका दुसऱ्या कोणाच्याहि आला नाहीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनीं शास्त्रीमंडळींचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें, आणि त्या लक्ष्मीबाईंनीं घाटांतल्या रानांत व पुढें तीर्थयात्रेच्या वाटेवर आपल्या मुलीला भागवत मुखोद्गत करविलें. आईच्या तोंडून धर्मग्रंथाची भाषा शिकणें म्हणजे काय, हें रमाबाईंना कोणत्याहि मिशनऱ्यानें सांगण्याची गरज नव्हती. दुष्काळांत आईबाप गेले, पुढें भाऊ गेला, १८८२ मध्यें पति गेले. आणि मांडीवर एक मुलगी, मनोरमा, उरली. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर रोजीं वाँटेज येथील मठाच्या आश्रयानें मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला.

आणि तेथेंच मतभेदास आरंभ झाला. रमाबाईंनीं ख्रिस्त स्वीकारला होता; इंग्लंडच्या धर्मसंस्थेचें प्रत्येक मत मात्र विचारावांचून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धांत, अथानेशियसचा मतांगीकार, बिशपांचा अधिकार ह्यांविषयीं त्यांनीं उघड शंका काढल्या. मुलगी वाँटेजला सिस्टर जेराल्डीन ह्यांच्या देखरेखीखालीं होती. लहान मनोरमेला काय शिकवावें, ह्यावरून ह्या दोन बायकांत झालेला पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. सिस्टरबाईंना वाटे कीं, मुलगी चर्चची झाली आहे, तेव्हां चर्चचें शिक्षण तिला पुरतें मिळालें पाहिजे. रमाबाईंचें म्हणणें असें कीं, जें आईच्या बुद्धीला पटलेलें नाहीं तें आईच्या पाठीमागें मुलीच्या मनांत भरूं नये. एका धर्माच्या पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून काढल्यावर दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांचें जूं मी घालणार नाहीं, अशा आशयाचें त्यांनीं लिहिलें. परक्या देशांत, परक्यांच्या अन्नावर असलेल्या एका विधवेनें उपकारकर्त्यांना असें सांगावें, ह्याला सामान्य धैर्य लागत नाहीं.

रमाबाई परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत त्यांनीं शारदा सदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें. उच्चवर्णीय हिंदु विधवांसाठीं असलेल्या ह्या संस्थेंत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील, मुलींना आपापला आचार पाळण्याची मोकळीक राहील, अशी ग्वाही दिलेली होती. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारखे पुरुष सल्लागार मंडळांत होते. रमाबाई रोज सकाळीं आपल्या खोलींत मनोरमेला जवळ घेऊन बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचें दार त्या लावून घेत नसत. सदनांतल्या कांहीं मुली दारांत येऊन उभ्या राहूं लागल्या, मग आंत येऊन बसूं लागल्या.

त्या उघड्या दारावरून पुण्यांत वादळ उठलें. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावीत नाहीं. माझ्या मुलीला घेऊन माझ्या खोलींत प्रार्थना करण्याचा मला हक्क आहे आणि येणारीला हांकलून देणें माझ्या मनाला पटत नाहीं. टीकाकार म्हणत, ज्या बाईवर मुलींचें अन्नवस्त्र आणि विद्या अवलंबून आहे, तिचें दार उघडें असणें हेंच बोलावणें होय. १८९३ मध्यें सल्लागार मंडळानें राजीनामा दिला आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या.

ह्या प्रसंगाचा निवाडा आजहि लोक आपापल्या मताप्रमाणें करतात. पण त्यांतलें एक साम्य नजरेंतून सुटतां कामा नये. वाँटेजच्या सिस्टरबाईंपाशीं रमाबाईंनीं जो हक्क मागितला होता, तोच दहा वर्षांच्या आंत दुसऱ्या आईबापांनीं रमाबाईंपाशीं मागितला. आमच्या मुलीला आमच्या पाठीमागें दुसरा धर्म नको. दोन्ही ठिकाणीं हक्क एकच, फक्त बाजू पालटली होती. आणि जिच्याविषयीं हा सारा वाद, त्या बालविधवेच्या स्वतःच्या मताला मात्र त्या काळच्या चर्चेंत फारसें स्थान नव्हतें. आईबापांचा अधिकार मोठा खरा. पण मूल विचार करूं लागतें तेथें त्या अधिकाराला मर्यादा पडते, हें रमाबाईंच्याच चरित्रानें दाखविलें आहे. आईनें शिकविलेलें भागवत तोंडपाठ असलेली मुलगी पुढें ख्रिस्ती झाली होती.

ह्यानंतरचें रमाबाईंचें काम केडगांवीं झालें. १८९६–९७ चा दुष्काळ मध्यप्रांतांत आणि १९०० चा गुजराथेंत पडला, तेव्हां शेंकडों निराधार मुलींना त्यांनीं मुक्तिसदनांत आणिलें. आतां त्या एकट्या मनोरमेच्या आई राहिल्या नव्हत्या. ह्या मुली नाना प्रांतांच्या, बहुतेक निरक्षर; त्यांना प्रचलित बायबलांतील संस्कृतप्रचुर मराठी कळेना. भागवताची पंडिता असलेल्या रमाबाईंनीं तेव्हां ठरविलें कीं, मोलकरणीला आणि शेतकरणीला कळेल अशा साध्या मराठींत बायबल पुन्हां आणावयाचें, आणि तें इंग्रजीवरून नव्हे तर मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून. त्यासाठीं त्या दोन्ही भाषा उतारवयांत शिकल्या. सदनांतल्या मुलींनींच खिळे जुळविले, मुद्रितें पाहिलीं, पानें बांधलीं. १९१२ मध्यें नवा करार छापून निघाला. १९२१ सालीं मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईहि गेल्या. भाषांतराचें काम त्यांनीं त्यापूर्वीं पुरें केलें होतें, आणि १९२४ मध्यें संपूर्ण ग्रंथ बाहेर आला. संस्कृतांत भाषण करून कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणाऱ्या ह्या विदुषीनें आपली शेवटचीं सुमारें अठरा वर्षें भाषा सोपी करण्यांत घालविलीं.

रमाबाईंच्या घरांत आई एकटी होती. टिळकांच्या घरांत आईबाप दोघेहि होते, पण कांहीं काळ त्यांचे धर्म दोन होते. कवि नारायण वामन टिळक ह्यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्या वेळीं त्यांचा मुलगा दत्तू अवघा तीनचार वर्षांचा होता. लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग गेल्या नाहींत. त्या मुलाला घेऊन आपल्या नातलगांत राहिल्या. कांहीं वर्षांनीं पतीजवळ राहावयास आल्या, तरी आपलें सोंवळें आणि स्वयंपाक त्यांनीं निराळा ठेविला. टिळकांनीं सक्ति केली नाहीं. जातिभेद देवाचा नव्हे, माणसाचा, असें आपल्याच विचारानें पटल्यावर मग १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळांत त्या मुलानें एकाच छपराखालीं दोन उपासना पाहिल्या, आणि त्या दोहोंत आदर कसा नांदतो हेंहि पाहिलें. धर्मशिक्षणाचा ह्याहून मोठा धडा कोणत्या प्रश्नोत्तरावलींत सांपडेल?

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें टिळक म्हणत. त्यांनीं अभंग, भजनें आणि पदें रचलीं तीं मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या गळ्यानें देव आळवितां यावा म्हणून. 'उपासना-संगीत' ह्या संग्रहांतून तीं घराघरांत गेलीं. इंग्रजी चालीवर ओढाताण करून बसविलेल्या गीतांच्या जागीं आईला जात्यावर आणि पाळण्यापाशीं म्हणतां येईल असें गाणें आलें. १९०९ मध्यें त्यांनीं 'ख्रिस्तायन' हें ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र आरंभिलें. पण १९१९ सालीं ते वारले, तेव्हां त्याचे थोडेच अध्याय झाले होते.

तो ग्रंथ लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतला. शाळेचें तोंड न पाहिलेली ही बाई. पतीनें अक्षरें शिकविलीं तेवढेंच तिचें शिक्षण. पण ओवी तिला शिकावी लागली नाहीं. ती लहानपणापासून कानांत होती. उरलेले साठाहून अधिक अध्याय तिनें रचिले. १९३६ मध्यें तिचा अंत झाला आणि १९३८ सालीं 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झालें. ज्या दत्तूला घेऊन ती एके काळीं नवऱ्याच्या धर्मापासून दूर राहिली, त्याच देवदत्त टिळकांच्या आग्रहानें तिनें 'स्मृतिचित्रें' लिहिलीं. मराठी गद्याचा तो अलंकार मानला जातो, आणि तो घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेनेंच घडला आहे. येथें मुलानें आईला लिहावयास लाविलें.

१६१६ च्या साष्टींतील ओवी आणि १९३८ च्या नगर-नाशिकांतील ओवी ह्यांच्यामध्यें तीनशें बावीस वर्षांचें अंतर आहे. पंथ निराळे, प्रांत निराळे. तरीहि दोन्हीकडे तेंच वृत्त आणि तीच गरज: मुलाला सांगावयाला गोष्ट हवी आणि ती आपल्या भाषेंत हवी. ह्या दोहोंच्या मध्यें १६८४ चें फर्मान उभें आहे. त्याच्यामागें राज्य होतें, न्यायालय होतें, लग्नाच्या परवान्याची किल्ली होती. तरी प्रार्थनेची भाषा तें घरांतून काढूं शकलें नाहीं. उलट जेथें सत्तेचा दाब सुटला तेथें काय उगवूं शकतें, हें वसईकडे पाहून कळतें. चिमाजी अप्पांनीं १७३९ मध्यें वसई घेतली आणि तेथील पोर्तुगीज अंमल संपला. तेथल्या ख्रिस्ती घरांत सामवेदी आणि वाडवळी ह्या बोली टिकल्या, मराठी प्रार्थना रुजल्या. आणि त्याच मातींतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं 'सुबोध बायबल' सिद्ध केलें व जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें.

धर्म आणि भाषा ह्या दोन्ही गोष्टी मुलाला न मागतां मिळतात. त्या देतांना आईबापांनीं कोणत्या शब्दांत द्याव्या ह्याचें उत्तर साष्टींतल्या त्या गृहस्थानें, केडगांवच्या पंडितेनें आणि नगरच्या लक्ष्मीबाईंनीं सारखेंच दिलें: जे शब्द आपल्याला स्वतःला समजतात त्या शब्दांत. पुढें मोठें झाल्यावर मूल त्या शब्दांचें काय करील, तें त्याचें त्यानें ठरवावयाचें. रमाबाईंच्या खोलीचें दार उघडें होतें. त्यांतून आंत येतां येत होतें, तसेंच बाहेरहि जातां येत होतें.